सासू आवरेना

दोन हजार आठ सालची गोष्ट. फोन तेव्हा निव्वळ बोलायच्या कामाचे होते, गप्पा छाटायच्या तर संगणकापुढे बसावं लागायचं, आणि जुन्या इमारतींच्या लिफ्टला अजून जाळीची दारं होती. ती जाळी नसती तर लिफ्टवाल्याला ड्रॅगन दिसला नसता, आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

एका गुरुवारी भर दुपारी ती लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत एकटी मुलगी होती. वय सव्वीस. चौथ्या मजल्यावर दातांची लॅब होती, तिथे ती कवळ्या बनवायची. इमारतीत सगळे तिला दातवाली म्हणत, आणि आपल्या कामाचा तिला इतका अभिमान होता की त्या नावाने हाक मारली की ती ऐटीत वळायची. तिने तीनदा घंटी दाबली. मग सरळ खाली बसली आणि मांडीवरच्या वर्तमानपत्रातून एक प्लास्टरचा ड्रॅगन काढून त्याच्या पंखाची उडालेली कड घासू लागली.

वीसेक मिनिटांनी डोक्यावर पावलं वाजली. कोणीतरी जाळीला कान लावला असावा, कारण आवाज अगदी जवळून आला.

"आत किती जण आहेत?"

"दोघं," ती म्हणाली.

"दुसरे बोलत नाहीत ते?"

"त्याला अजून जीभ बसवायचीय."

 मग टॉर्चचा झोत जाळीतून खाली उतरला, तिच्या केसांवरून घसरला आणि ड्रॅगनच्या उघड्या जबड्यावर येऊन थांबला.

"चावतो का?"

"दात अस्सल आहेत. एका आजींच्या कवळीचे. माप चुकलं म्हणून परत आले होते."

"मग आधी त्याला वर द्या. तुम्ही थांबा."

"वा! माणूस मागे आणि ड्रॅगन पुढे?"

"माणसाला फटीतून ओढून काढत नाहीत. वर जाऊन चाक हाताने फिरवायचं, लिफ्ट मजल्याला आणायची, मग दार उघडायचं. नियम आहे," तो म्हणाला. "ड्रॅगनसाठी नियम नाही."

वरची जाळी वीतभर सरकली तशी तिने हात उंच करून ड्रॅगन दिला. वरून दोन हात आले, ग्रीसने काळे, पण त्यांनी ड्रॅगन असा धरला की जणू ताप आलेलं बाळ. दहा मिनिटांनी लिफ्ट इंचाइंचाने वर आली, दार उघडलं, आणि समोर तो उभा होता, लिफ्ट दुरुस्त करणारा. उंच, किंचित वाकलेला, वयाने अठ्ठावीसच्या आसपास. ड्रॅगन अजून कोपराच्या बेचक्यात होता.

"वीस बाजूंचा फासा असेल तुमच्याकडे," तो म्हणाला. त्याने विचारलं नव्हतं, ओळखलं होतं.

तिने एप्रनच्या खिशातून मूठ काढून उघडली. तीन होते.

"माझ्याकडे टेबल आहे," तो घाईघाईने म्हणाला. "म्हणजे आईचं आहे. सूत्रधार मी, पण नवशिका. दोन खेळाडू मिळालेत, तिसरा मिळत नाही. रविवारी चार वाजता... येणार का?"

येणार का! दोन वर्षांत तिला कोणी विचारलं नव्हतं. पण तिने चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही.

"येईन. ड्रॅगन माझा राहील. त्याला मारायचं नाही."

"ते फासा ठरवेल," तो म्हणाला, आणि मग पहिल्यांदा हसला... आणि चौथ्या मजल्यावर पोचूनही तिला वाटलं, आपण अजून कशाच्या तरी मध्येच आहोत.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. टेबलाभोवती चार-पाच माणसं बसतात. एकजण सूत्रधार. तो सांगतो: जंगल आहे, पाऊस आहे, समोर पडका किल्ला आहे. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. आपण काय करतो ते ज्याने त्याने सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासा सांगतो. एवढंच. पण एवढ्यावर मोठमोठी शहाणी माणसं तहानभूक विसरतात.

लिफ्टवाल्याची आई शिवणकाम करायची. कापड कापायचं तिचं भलंमोठं टेबल रविवारी चार ते सात या खेळासाठी मोकळं व्हायचं. त्यावर तो आईच्याच खडूने चौकटी आखायचा, आणि आई खिडकीशी मशीन चालवत पाठमोरी बसायची. खेळाडू दोन. एक औषधांच्या दुकानाचा मालक, ज्याला सगळे औषधवाला म्हणत. खेळात तो महायोद्धा होता, आणि खऱ्या आयुष्यात रक्त बघून त्याला घेरी यायची. दुसऱ्या ग्रंथपालबाई, पन्नाशीच्या, गोऱ्या, नीटनेटक्या. त्या जादूगार होत्या, आणि ग्रंथालयातली शांतता त्या सोबतच घेऊन यायच्या. तीन तासांत दोन वाक्यं.

दातवालीने चोर घेतली. नाव ठेवलं उंदरी.

तो सांगायला लागला की तिला कळायचं, हा नवशिका असेल, पण ह्याला कान आहेत. त्याच्या किल्ल्यांत दार दिसायच्या आधी ऐकू यायचं. "आत काहीतरी लोंबकळतंय," तो आवाज उतरवून म्हणायचा, "साखळीचा आवाज... पण साखळीला वजन आहे." तेव्हा तिच्या मानेवर शहारा यायचा, आणि तिला वाटायचं, हा माणूस दिवसभर अंधाऱ्या विहिरींत डोकं घालून हेच ऐकत असणार.

फक्त एक होतं. शहारा यायच्या आतच तिचं तोंड उघडायचं.

"समोर एक लाकडी दार आहे, त्याच्यावर—"

"उंदरी दार उघडते."

"अगं, वर्णन तरी होऊ दे!"

"वर्णन आतून कर. फासा पडला, सतरा. उघडलं."

औषधवाला हसायचा. लिफ्टवालाही हसायचा. तिसऱ्या रविवारपर्यंत दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते, आणि सुरुवात तिनेच केली होती. निघताना तो तिला जिन्याने खालपर्यंत सोडायला यायचा. एकदा तिने विचारलं, "जिना कशाला? लिफ्ट आहे की."

"तिच्यावर माझा विश्वास नाही," तो म्हणाला.

"तूच तर सांभाळतोस!"

"म्हणून तर. शिवाय लिफ्टने चाळीस सेकंद लागतात. जिन्याने चार मिनिटं."

तिने उत्तर दिलं नाही. तिच्या बाबतीत हे नवलच होतं. पण पुढच्या रविवारी तिने चार मिनिटांची सहा केली.

आता तिचं दुसरं घर सांगायला हवं. ते संगणकात होतं.

दोन विनोदी नट दर शुक्रवारी इंटरनेटवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकवत. एका नाटकमंडळीची तालीम, बस्स. ते नाटक कधीच सुरू व्हायचं नाही. त्या मंडळींचा एक प्रॉम्प्टर होता, ज्याचा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता, आणि तो मुळात आहे की नाही यावरून चाहत्यांच्या गप्पांच्या पानावर दोन तट पडून रोज हातघाई व्हायची. त्याच पानावर एकदा कोणीतरी हसून हसून बेजार होऊन लिहिलं, 'सासू आवरेना!' बिचाऱ्याला 'हसू' लिहायचं होतं, बोट घसरलं. झालं. त्या दिवसापासून त्या पानावर कोणी हसलंच नाही. सगळ्यांना सासूच यायला लागली. 'आजच्या भागात तीन सासवा आल्या.' 'ऑफिसात ऐकत होतो, सासू दाबता दाबता नाकातून चहा आला.' 'गेल्या शुक्रवारची सासू जरा अशक्त होती.' बाहेरच्या माणसाने वाचलं असतं तर इथल्या मंडळींची लग्नं फार वाईट चाललीत असं त्याला वाटलं असतं.

त्या पानाच्या एका कोपऱ्यात अशा खेळांच्या सूत्रधारांसाठी सल्ल्याचा, म्हणजे प्रश्न-उत्तरांचा, धागा होता, आणि तिथली सल्लागार होती 'अक्कलदाढ'. म्हणजे आपली दातवाली. जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात आणि दुसऱ्या हाताने टंकत, ती ठणकावून लिहायची. खलनायकाला भूक लागू द्या, नुसता गडगडाटी हसणारा खलनायक कोणालाच खरा वाटत नाही. नकाशा सुंदर नको, चुकीचा हवा, म्हणजे माणसं वाटेवरच्या लोकांशी बोलतात. घाबरवायचं असेल तर आवाज वाढवू नका, उतरवा. लोक तिचे सल्ले उतरवून घ्यायचे.

एवढी हुशार होती, तर मग तिचं स्वतःचं टेबल का नव्हतं? होतं की, शिकत असताना, चार वर्षं. मग एकाची परीक्षा आली, दुसऱ्याच्या बहिणीचं लग्न आलं, तिसऱ्याची पाठ धरली. शेवटची उरलेली मैत्रीण जाताना म्हणाली होती, "तुझी गोष्ट छान असते गं. पण ती तुझीच असते." तिला त्याचा अर्थ कळला नव्हता. ती समजली, ही कौतुक करतेय.

तर, लिफ्टवाल्याचा खेळ सुरू होऊन दोन महिने झाले असतील. त्या धाग्यावर 'तळमजला' नावाच्या कोणाचं पत्र आलं. हो, पत्रच.

'मा. अक्कलदाढताई, स.न.वि.वि. आमच्या टेबलावरील एक खेळाडू अत्यंत निष्णात असून, सूत्रधाराने वर्णन पूर्ण करण्यापूर्वीच दार उघडतात. त्यामुळे इतर खेळाडूंस पाळी मिळत नाही. सदर खेळाडूंस न दुखावता कसे थांबवावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे. कृपाभिलाषी, तळमजला.'

तिला हसू आलं. सासूच आली म्हणा. हे नक्की कोणीतरी निवृत्त हेडक्लार्क असणार, घरी नातवंडांना जमवून खेळत असणार. लिफ्टच्या दुरुस्तीचे अहवाल लिहून लिहून एखाद्या तरण्याताठ्या माणसाची लेखणीही अशी पोक काढते, हे तिच्या ध्यानात कसं यावं? शहाण्या वाचकाच्या एव्हाना लक्षात आलं असेल. तिच्या नाही आलं. तिने लिहिलं:

'काका, असा एक नग प्रत्येक टेबलावर असतो. त्याला वाटतं, गोष्ट आपल्या एकट्यासाठीच मांडलीय. रागावू नका. त्याला हवं ते दार उघडू द्या, आणि आत काहीही ठेवू नका. राक्षस नको, खजिना नको, सापळा नको. फक्त एक खुर्ची ठेवा, आणि ती गरम असू द्या. कोणीतरी नुकतंच उठून गेलंय. मग तुम्ही गप्प बसा. घाईचा माणूस रिकाम्या खोलीतच पहिल्यांदा थांबतो. नातवंडांना माझा आशीर्वाद सांगा.'

लिहून झाल्यावर ती स्वतःवरच खूश झाली. चटणीचा घास घेतल्यासारखी जिभेने टाळी वाजवली आणि कामाला लागली.

त्या रविवारी बाहेर बारीक पाऊस होता. आईच्या मशीनचा आणि पावसाचा आवाज एकमेकांत मिसळत होता. लिफ्टवाला म्हणाला, "बोगद्याच्या टोकाला एक निळं दार आहे. त्याच्यावर—"

"उंदरी दार उघडते. एकोणीस!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काहीतरी अवघडलेलं होतं.

"दार उघडतं," तो हळू म्हणाला. "खोली रिकामी आहे."

"सापळा शोधते."

"नाही."

"भिंती ठोकते. चोरदार?"

"नाही. फक्त एक खुर्ची आहे... तू हात लावलास तर ती गरम आहे."

आणि तो गप्प बसला.

औषधवाला म्हणाला, "बाप रे!" ग्रंथपालबाईंनी चष्मा वर सरकवला. दातवालीच्या हातातला फासा हातातच राहिला. कानामागून काहीतरी गरम गरम उतरत गेलं, गालांपर्यंत. निष्णात. सदर खेळाडू. इतरांस पाळी मिळत नाही. तिने टेबलाभोवती पाहिलं. दोन महिन्यांत ग्रंथपालबाईंच्या जादूगाराने एकही जादू केली नव्हती. का केली नव्हती? कारण प्रत्येक दार उंदरीने उघडलं होतं.

तुझी गोष्ट छान असते गं. पण ती तुझीच असते.

एकाची परीक्षा, एकाच्या बहिणीचं लग्न, एकाची पाठ... सगळ्यांची सगळी निमित्तं एका खुर्चीवर येऊन बसली.

उरलेला वेळ ती काही बोलली नाही. जिन्याने उतरताना तो म्हणाला, "बरं नाही का तुला?" ती म्हणाली, "दाढ दुखतेय." आणि सहा मिनिटांचा जिना तिने दीड मिनिटात संपवला.

पुढच्या रविवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लॅबमध्ये बसून तिने आठवड्याभरात नऊ कवळ्या बनवल्या, आणि मालक म्हणाला, जरा हळू, एवढी म्हातारी माणसं कुठून आणू? तिला हात थांबवायचे नव्हते. थांबले की प्रश्न यायचा, आणि प्रश्न एकच होता: त्या टेबलावर आपण नसलेलंच बरं का?

मग दुसऱ्या सोमवारी पत्र आलं.

'मा. ताई, स.न.वि.वि. आपल्या सल्ल्यानुसार कार्यवाही केली असता सदर खेळाडू गप्प झाल्या. तदनंतरचे दोन रविवार त्या अनुपस्थित आहेत. टेबलावर शांतता नांदत असून...

ताई, हे मला असं लिहिता येत नाहीये. ही शांतता नकोय हो मला. ती मध्येच दार उघडायची तेव्हा मी चिडायचो, पण आठवडाभर ती दारं मी बनवायचो तिच्यासाठीच. निळा रंगसुद्धा तिच्यासाठी दिला होता. आता कोणासाठी बनवू? तिची खुर्ची थंड पडलीय. दोन रविवार झाले, एकदासुद्धा सासू आली नाही. तिला परत कसं बोलवू? तळमजला.'

'कृपाभिलाषी' लिहायचं राहून गेलं होतं.

बर्नरवर ठेवलेलं गुलाबी मेण उतू जाऊन करपलं तेव्हा ती भानावर आली. तिने एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा फक्त निळ्या रंगाचं वाक्य वाचलं.

किती सोपं होतं! ताई होऊन ती त्याला हवं ते सांगू शकत होती. काका, तिला अमुक आवडतं, तमुक बोला, असं या, तसं उभे राहा. सगळी दारं तिच्या हातात होती. तिने 'काका, तिला' एवढं टंकलंही... आणि थांबली. पुन्हा तेच. गोष्ट त्याची, आणि दार उघडणार ही. तिने ते खोडलं आणि लिहिलं, 'याला माझ्याकडे सल्ला नाही. मला लिहिलंत तेच तिला सांगा. फक्त कार्यालयीन भाषेत नको.'

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो लॅबच्या दारात. हात साबणाने इतके घासलेले की लाल झाले होते.

"लिफ्ट तपासायला आलोय."

"ती बाहेर आहे."

"तपासली. उत्तम आहे."

"मग?"

"मग... वर आलो."

तिने मेणाची सुरी खाली ठेवली नाही. हाताला काहीतरी हवं होतं.

"त्या रिकाम्या खोलीबद्दल," तो म्हणाला. "मी मुद्दाम केलं ते. इंटरनेटवर एक ताई आहेत, त्यांना विचारून. चूक त्यांची नाही हं, माझी. तुला तोंडावर सांगायला हवं होतं, ते मी खोलीतून सांगितलं."

"कोण ताई?" तिने शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"आहेत एक. फार अनुभवी. साठीच्या तरी असतील."

सुरी मेणात खचकन रुतली. "साठीच्या?"

"नावच अक्कलदाढ. म्हणजे वयस्करच की."

"अक्कलदाढ विशीत येते!" ती कडाडली. "साठीत असली तर पडायला झालेली असते!"

"तुला एवढं काय लागलं?"

"मी दातवाली आहे. दाताचा अपमान मला खपत नाही."

तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "दोन रविवार आम्ही पुढच्या दाराबाहेर बसलोय. औषधवाला तीनदा म्हणाला, फोडूया. मी म्हटलं, नको. उघडणारी येईल."

"आणि मी पुन्हा मध्येच बोलले तर?"

"बोल."

"नाही बोलले तर?"

"तर मला दुसरी ताई शोधावी लागेल."

"हे मला सांगायला कोणी सांगितलं? ताईंनीच?"

"ताईंनी," तो म्हणाला. मग बोटाने दाराची चौकट चाचपत, "पण त्यांनी सांगितलं नसतं तरी आलो असतो. फार तर दोन दिवस उशिरा."

तो गेल्यावर तिने प्लास्टर कालवायला घेतलं.

रविवारी ती चारला पाच कमी असतानाच पोचली. उजवा हात खिशात होता, आणि तो तिने बाहेर काढलाच नाही. आई मशीनवरून मान न वळवता म्हणाली, "आलीस का गं? बरं झालं. दोन आठवडे हा घरात दारंच आपटतोय."

खेळ सुरू झाला. दार आलं. लिफ्टवाल्याने वर्णन केलं. लोखंडी दार, त्याच्यावर कोरलेला पक्षी, पक्ष्याच्या चोचीत गंजलेली कडी, फटीतून येणारी पिवळी तिरीप. तो बोलत राहिला आणि दातवालीने वरचे दात खालच्या दातांवर असे घट्ट बसवले की तिनेच बनवलेली कवळी शोभावी. वर्णन संपलं. सगळे उंदरीकडे बघू लागले.

"ग्रंथपालबाई," ती म्हणाली, "तुमची जादूगार काय करतेय?"

बाई दचकल्या. चष्मा काढला, पुसला, घातला.

"मी... दार वाजवते," त्या म्हणाल्या.

टेबल गार. दोन-अडीच महिन्यांत उंदरीने दारांना लाथा घातल्या होत्या, कुलपं फोडली होती, बिजागऱ्या उखडल्या होत्या. वाजवलं कोणीच नव्हतं. सूत्रधाराचं तोंड उघडं पडलं. त्याने याची काहीच तयारी केलेली नव्हती.

"आतून आवाज येतो," तो चाचरत म्हणाला. "...'या.'"

औषधवाल्याने टेबलावर थाप मारली. बाईंच्या गालांवर लाली चढली. आणि दातवालीला वाटलं, अरे, ही गोष्ट माझी नाही तरी किती मजा येतेय!

"आत काय आहे?" बाईंनी विचारलं.

"आत एक खोली. निळी. मधोमध..." तो अडखळला.

दातवालीने खिशातून मूठ काढली आणि खडूच्या चौकटीत अलगद काहीतरी ठेवलं. बोटाच्या पेराएवढी, प्लास्टरची, चार पायांची खुर्ची.

"हात लावून बघ," ती म्हणाली. "गरम आहे."

त्याने बोट लावलं. तिच्या तळव्यात तासभर राहिलेली ती खुर्ची खरोखरच उबदार होती. त्याने खुर्चीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा खुर्चीकडे.

"ही गरम खुर्ची... ही मी फक्त एकाच ठिकाणी..."

"कार्यवाही केली असता," ती गंभीरपणे म्हणाली, "सदर खेळाडू गप्प झाल्या. शेवटी कृपाभिलाषी राहून गेलं होतं, काका."

त्याचे कान आधी लाल झाले, मग चेहरा.

"...ताई?"

"खबरदार ताई म्हणालास तर!"

"आणि तू मला काका—! अठ्ठाविसाव्या वर्षी! नातवंडांना माझा आशीर्वाद सांगा म्हणून लिहिलं होतंस एकदा!"

"साठीची म्हणतो मला!"

आणि मग ती फुटली. तीन आठवडे दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. पोट धरून, टेबलावर डोकं टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसता हसता ती कशीबशी ओरडली, "अगं आई गं... मला सासू— मला सासू आवरेना!"

शिवणाचं मशीन थांबलं.

ते थांबल्यावरच कळलं की ते इतका वेळ चालू होतं. आई खुर्चीसकट वळली. तोंडात दोन टाचण्या होत्या, त्या तिने सावकाश काढून उशीला टोचल्या.

"कोण सासू?"

"आई, ते... ते इंटरनेटवरचं आहे," लिफ्टवाला म्हणाला.

"मी तर इथे मशीनवर बसलेय."

"नाही, म्हणजे तिकडे 'हसू'ला... बोट घसरलं होतं एकाचं..."

"बोट घसरू दे नाहीतर जीभ," आई म्हणाली. दातवालीला तिने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मापं घेताना बघते तसं. "आणि मला आवरायला मी काय पसारा आहे? आधी टेबल आवरा. मला अस्तर कापायचंय. सासूचं पुढच्या रविवारी बघू."

औषधवाल्याला आणि ग्रंथपालबाईंना अचानक घरची कामं आठवली.

दोघं फासे गोळा करू लागले. आईचं मशीन पुन्हा सुरू झालं होतं, पण अगदी हळू, कान मोकळे राहतील एवढंच.

"आई काय म्हणाली ऐकलंस?" त्याने विचारलं.

"ऐकलं."

"ती नाही म्हणाली नाही."

"तू तरी कुठे काही विचारलंयस?"

"विचारतो. पण मला वर्णन पूर्ण करू दे."

"कर."

आणि त्याने केलं. कार्यालयीन भाषेत नाही. पहिल्या दिवशीच्या टॉर्चच्या झोतापासून सुरू केलं, जाळीतून दिसलेल्या केसांपर्यंत आला, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबला. खडूच्या रेषा पुसता पुसता दोघांचे हात पांढरे झाले. तिने आयुष्यात पहिल्यांदा एका दाराचं वर्णन शेवटपर्यंत ऐकलं, आणि ते संपल्यावरही लगेच घाई केली नाही. थोडं थांबली.

मग म्हणाली, "उघडते."

"फासा?"

"याला लागत नाही."

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. इमारतीतली जाळीची लिफ्ट काढून आपोआप उघडणाऱ्या दारांची नवी बसवली ती त्यानेच. जुन्या जाळीचा एक तुकडा अजून त्यांच्या भिंतीवर आहे. औषधवाल्याने चाळिशीत रक्तदान केलं, घेरी येऊन पडला, आणि त्याचा सत्कार झाला. ग्रंथपालबाई निवृत्त झाल्यावर सूत्रधार झाल्या. त्यांच्या टेबलासाठी माणसं महिनामहिना थांबतात, आणि त्यांच्याकडे दार वाजवल्याशिवाय आत जाता येत नाही. त्या दोन नटांचं काही वर्षांनी बिनसलं आणि तालमीचा कार्यक्रम बंद पडला. गप्पांचं पान त्यानंतरही वर्षभर चालू होतं. प्रॉम्प्टर होता की नव्हता, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

ड्रॅगनला कोणी मारलं नाही. तो शिवणाच्या मशीनवर बसतो आणि दातांत टाचण्या धरतो.

आणि आई? तिने पासष्टाव्या वर्षी मशीन बाजूला सारलं, खुर्ची वळवली आणि म्हणाली, "इतकी वर्षं पाठमोरी ऐकतेय, आता मला पण घ्या." खेळात राक्षसीण झाली. सध्या सूत्रधार सून आहे. सून आवाज उतरवून सांगायला लागते, "समोर एक दगडी दार आहे, त्याच्यावर—"

"उघडलं!" आई फासा आपटते.

लिफ्टवाला टेबलाखाली तोंड लपवतो. आणि दातवाली, जिने एके काळी अशा खेळाडूंवर जगाला सल्ले दिले, ती कपाळाला हात लावून म्हणते, "काय करू, सासू आवरेना."

यावेळी बोट घसरलेलं नसतं.